चौथा रकाना

"आय विल मिस," ती म्हणाली आणि थांबली.

मी वाट पाहिली. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत, गाणं मोठ्यानं लावून चालला होता, आणि तो पुढे जाईपर्यंत तसंही काही ऐकू आलं नसतं. आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. तिच्या मांडीवर दोनशे पानी वही, समोर चहा, खांद्याला अडकवलेल्या पिशवीत रात्रपाळीचा डबा. आठवड्यातून तीन दिवस ती ड्यूटीवर जायच्या आधी तासभर माझ्याकडे येते. मिरजेतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, इंग्लंडला जायचंय, त्यासाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी चालू आहे. त्या दिवशी बोलायचा सराव होता. मी सोपा प्रश्न विचारला होता: तिकडे गेल्यावर तुला काय जड जाईल? ती इंग्रजीत म्हणाली, जेवणाचं काही नाही, थंडीचंही काही नाही. आणि मग, "आय विल मिस."

ट्रॅक्टर गेला. वाक्य पुढे सरकलं नाही.

"मिस हूम?" मी विचारलं. पेन्सिलीनं तिच्या वहीवर टकटक केलं. "ऑब्जेक्ट कुठाय? मिसला कर्म लागतं. आय विल मिस म्हणून थांबता येत नाही."

तिनं वहीकडे पाहिलं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग डोळे भरून आले आणि ती पटकन उठून आत पाणी प्यायला गेली. परत आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. "पुढचं घेऊ या मॅडम," म्हणाली. आम्ही पुढचं घेतलं. तिला सहा वर्षांचा मुलगा आहे, तो जत तालुक्यात तिच्या आईकडे राहतो, हे मला माहीत होतं. मला ते माहीत असूनही मी तिला विचारलं, मिस हूम.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा प्रश्न व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर होता. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला इंग्रजी शिकवताना मी तो हजारो मुलांना विचारला असेल. कर्म कुठाय, क्रियापदानंतर काय येतं, इथे टू का घातलास, तिथे ऑन का नाही. कुणी त्यावर रडलं नव्हतं. रडण्यासारखं त्यात असतं, हेच कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी इंग्रजी शिकायला सुरुवात केली ती पाचवीत, तासगावजवळच्या आमच्या गावच्या शाळेत. तेव्हा पाचवीलाच एबीसीडी सुरू व्हायची. गुरुजी फळ्यावर दोन उभ्या रेघा मारत आणि तीन रकाने पाडत: स्पेलिंग, उच्चार, अर्थ. आम्ही ते वहीत उतरवायचो. शाईचं पेन गळायचं, बोटं निळी व्हायची, आणि रोज दहा शब्द पाठ. एक्सप्लेन म्हणजे समजावून सांगणे. डिस्कस म्हणजे चर्चा करणे. रीच म्हणजे पोहोचणे. मॅरी म्हणजे लग्न करणे. गुरुजींची शिकवणी मनापासूनची होती, आणि त्या तीन रकान्यांवर मी बारावीपर्यंत सगळ्यांच्या पुढे राहिले. शब्दांचे अर्थ मला सगळे यायचे. वाक्य मात्र मी मराठीच बोलायचे, वरून इंग्रजी शब्द पांघरलेलं. मला समजावून सांगा, म्हणून एक्सप्लेन मी. विषयावर चर्चा करू, म्हणून डिस्कस ऑन द टॉपिक. घरी पोहोचलो, म्हणून रीच्ड टू होम. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून मॅरीड विथ हिम. अर्थाच्या रकान्यात यातलं काहीच चूक नव्हतं. चूक होती ती चौथ्या रकान्यात, आणि तो फळ्यावर आखलेलाच नव्हता.

तो मला पहिल्यांदा दिसला १९८०च्या सुमारास, सांगलीत कॉलेजच्या ग्रंथालयात. ऑक्सफर्डची जाडजूड डिक्शनरी, घरी न्यायला बंदी, कोपऱ्यातल्या टेबलावर बसूनच पाहायची. तिच्यात क्रियापदाच्या पुढे कंसात बारीक संकेत असत, व्हीपी सिक्स ए, व्हीपी सेव्हन्टीन असे. पहिले काही दिवस मला त्या छपाईच्या खाणाखुणा वाटल्या. मग एका दुपारी प्रस्तावना वाचली आणि कळलं की व्हीपी म्हणजे व्हर्ब पॅटर्न. क्रियापदाची ठेवण. या क्रियापदाला कर्म लागतं की नाही, एक लागतं की दोन, माणूस आधी येतो की वस्तू, मध्ये टू हवा की नको. वॉन्ट घेतलं तर त्याच्यापुढे माणूस आणि मग टू लावून दुसरं क्रियापद ठेवता येतं. सजेस्ट घेतलं तर तसं ठेवता येत नाही. टेलपुढे माणूस लागतोच. सेपुढे माणूस आणायचा तर टू मध्ये घालावा लागतो. मी वहीत नव्या पानावर चार रकाने आखले आणि चौथ्याला नाव दिलं: सोबत कोण.

ही ठेवण मांडणारा हॉर्न्बी नावाचा इंग्रज मास्तर होता आणि त्यानं ती मांडली जपानमध्ये. १९२४ साली तो तिथे शिकवायला गेला. हॅरॉल्ड पामर म्हणून आणखी एक जण टोकियोत इंग्रजी शिकवण्याच्या पद्धतींवर संशोधन करत होता, त्याच्या कामात हा ओढला गेला. दोन सहकाऱ्यांबरोबर यानं परक्या विद्यार्थ्यांसाठी कोश तयार केला, त्यात क्रियापदांचे पंचवीस साचे बसवले. १९४१च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरलं आणि हॉर्न्बी शत्रूच्या देशाचा नागरिक ठरला. त्याला स्थानबद्ध केलं, पुढच्या वर्षी मायदेशी परत पाठवलं. त्याच १९४२ साली टोकियोत तो कोश छापून निघाला. पुढे १९४८मध्ये ऑक्सफर्डनं तो काढला, आणि सांगलीच्या टेबलावर माझ्यासमोर होती ती त्याचीच नंतरची आवृत्ती. हॉर्न्बीनं याच साच्यांवर वेगळं मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. विद्यार्थ्याचं नेमकं कुठे चुकतं ते सांगताना त्यात त्यानं जे नमुने घेतलेत त्यांत एक आहे, प्लीज एक्सप्लेन मी. टेल मी चालतं, शो मी चालतं, मग एक्सप्लेन मी का चालू नये, असं विद्यार्थ्याला वाटतं, हे त्यानं ओळखलं होतं. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. तासगावची मीच एकटी तसं बोलत नव्हते तर.

तरी आपल्याकडे एक जास्तीची गुंतागुंत आहे, आणि ती माझ्या ध्यानात यायला शिकवण्यातली पंधराएक वर्षं गेली. आपण इंग्रजी क्रियापदं इंग्रजीतून उचलतो, त्यांना करणे किंवा होणे जोडतो आणि घरात वापरायला घेतो. मला एक्सप्लेन कर. काहीतरी सजेस्ट कर ना मला. लगेच रिप्लाय कर मला. एकदा करणे जोडलं की ते क्रियापद आपलं होतं, आपल्या विभक्ती घेतं, आपल्यासारखं उठतं-बसतं. मला, तुला, त्याच्याशी, हे सगळं त्याला लागू पडतं. मूल ते आधी मराठीत शिकतं. मग इंग्रजीच्या तासाला त्याला तोच शब्द भेटतो, आणि त्याला वाटतं, हा तर माझ्या ओळखीचा. ते म्हणतं सजेस्ट मी, रिप्लाय मी. परका शब्द असता तर बिचकलं असतं, पुढे काय येतं म्हणून विचारलं असतं. ओळखीच्या माणसाला कोण विचारतो? म्हणून मी मुलांना सांगायचे, जे इंग्रजी शब्द तुम्ही आईशी बोलताना वापरता, ते इंग्रजीत लिहिताना जास्त जपून वापरा.

दवाखान्यातलं मराठी तर अशा क्रियापदांनी भरलेलं असतं. पेशंटला अॅडमिट केलं, शिफ्ट केलं, डिस्चार्ज दिला, आजोबा एक्स्पायर झाले. माझ्याकडे येणाऱ्या मुली हेच इंग्रजीत उतरवतात: गेव्ह डिस्चार्ज टू पेशंट, पेशंट वॉज एक्स्पायर्ड. मिरजेत दवाखान्यांचं इंग्रजी काही आजचं नाही. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून कागदावर इंग्रजी आणि खाटेशी मराठी-कानडी असं चालत आलंय. इथल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत मी कित्येकदा वाचलंय, पेशंट ऑपरेटेड ऑन अमुक तारीख. त्यात ऑन तारखेला जोडलेला असतो, पेशंटला नाही. कुणाचं काही अडत नाही, वाचणाऱ्याला कळतं.

तिनंही एकदा पत्रात लिहिलं होतं, द सर्जन ऑपरेटेड द पेशंट. तिच्या परीक्षेत असं पत्र लिहावं लागतं. रुग्णाची टिपणं समोर देतात, पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, आणि १८० ते २०० शब्दांत दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ३५० गुण लागतात, लिखाणात ३००. लिखाणातच तिची गाडी अडते. मी तिला सांगितलं, ऑपरेट द मशीन म्हणजे यंत्र चालवणं. माणसाला तसं थेट कर्म करता येत नाही, मध्ये ऑन लागतो, ऑपरेटेड ऑन द पेशंट. ती जरा वेळ स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिली. मग दोन्ही हात टेबलावर पालथे धरले, थिएटरमध्ये धरतात तसे. "म्हणजे पेशंट खाली आणि हात वर," ती म्हणाली. "ऑन." ही चूक तिनं पुन्हा केली नाही. तिला शिकवताना मी बरंच शिकलेय. तिला क्रियापदाची ठेवण हातांनी कळते. इंजेक्ट, ड्रेस, टर्न, लिफ्ट, ही क्रियापदं तिनं रोज केलेली आहेत, त्यांचं कर्म तिच्या हातांखाली असतं, कण्हत असतं. तिला सकर्मक म्हणजे काय ते माझ्याहून बरं माहीत आहे.

आणि काही ठिकाणी ती अडून बसते, तेव्हा मलाही थांबावं लागतं. रुग्णानं छातीत दुखत नाही असं सांगितलं, तर इंग्रजी टिपणात लिहितात, डिनाइड चेस्ट पेन. "नाकारलं?" ती म्हणाली. "आपण आरोप थोडीच केलाय त्याच्यावर?" मी म्हटलं, तिथली पद्धत आहे, आणि फॉर घालू नकोस, डिनायला थेट कर्म लागतं. तिनं लिहून घेतलं, पण कपाळावरची आठी गेली नाही. तिचे पेशंट येतात ते मळमळतंय, गरगरतंय, कळ येतीय म्हणत. त्यातलं मळमळतंय घ्या. त्यात कोण करतंय आणि कोणाला करतंय? आमच्या शाळेच्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणायचे. उजाडलं, सांजावलं, मळमळलं. ज्याचा कर्ता बाहेर शोधायचा नाही, क्रियापदाच्या पोटातला भाव हाच कर्ता. माणूस वाक्यात आलाच तर मला म्हणून येतो, एका बाजूला उभा राहतो, आणि जे होतं ते त्याला होतं. इंग्रजीत गेल्यावर त्याच माणसाला पुढे यावं लागतं, कर्त्याच्या जागी बसावं लागतं. ही कम्प्लेन्स ऑफ नॉशिया. मळमळणारा माणूस तक्रारदार होतो.

त्या रात्री मी अंथरुणात पडल्या पडल्या याच क्रियापदांशी येऊन पोहोचले. मळमळतं, गरगरतं, असं मनात म्हणता म्हणता एकदम आलं: करमत नाही.

तिला ते म्हणायचं होतं.

मला करमणार नाही. या वाक्यात कर्म नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. कुणावाचून ते सांगायचं तर सांगता येतं, पण वाक्य त्याच्यासाठी अडून राहत नाही. तिनं मनातल्या मनात हे पूर्ण वाक्य तयार केलं, त्याला जवळचा इंग्रजी शब्द शोधला, मिस मिळाला, तो ठेवला आणि थांबली. तिच्या दृष्टीनं वाक्य संपलं होतं. मी त्याच्यापुढे रिकामी जागा आखली आणि भर म्हणून सांगितलं. ती जागा कशानं भरायची ते तिला माहीत होतं. ते नाव तोंडातून काढायचं नाही, एवढ्यावरच ती बहुधा दिवस काढत होती.

करमत नाही, हे मी पहिल्यांदा कागदावर वाचलं ते आईच्या अक्षरात. मी सांगलीला होस्टेलवर होते. घरून आंतर्देशीय पत्र यायचं, निळं, तिन्ही बाजूंनी गोंद लावलेलं, फाडताना हमखास एखादी ओळ जायची. आई चौथी शिकलेली. पावसापाण्याचं लिहायची, म्हशीचं लिहायची, कुणाच्या सोयरिकीचं. शेवटी मोकळ्या उरलेल्या पट्टीवर एक ओळ: घर खायला उठतं. करमत नाही. बाकी ठीक. पत्र टाकायच्या आधी अण्णा वाचायचे, हे मला माहीत होतं. मुलीला एवढ्या लांब शिकायला ठेवायचं ठरवलं होतं ते त्यांनी, गावाच्या विरोधात जाऊन. त्यांच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या पत्रात तुझ्यावाचून करमत नाही असं लिहिणं म्हणजे त्यांच्या निर्णयाला बोल लावणं झालं असतं. आईनं नुसतं करमत नाही लिहिलं. त्यात तक्रार कुणाची करायची, दोष कुणाला द्यायचा, काही सापडणार नाही अशी ती ओळ होती.

आईचं सगळं बोलणंच तसं होतं. ऐकलं का. आलेत वाटतं. दिलं का वाढून. जेवले नाहीत अजून. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं अण्णांचं नाव घेतलं ते उखाण्यापुरतं. नाव न घेता, कर्म न सांगता, डोळ्यांनी आणि मानेच्या हेलकाव्यानं ती घर चालवायची, आणि आम्हा सगळ्यांना कळायचं. या भाषेत एवढी सोय आहे. माझ्या नर्स मुली ड्यूटी बदलताना असंच बोलतात. दहाला दिलंय, बाराला द्यायचं, त्यांना लावून झालंय. मी एकदा माझ्या या विद्यार्थिनीला म्हटलं, हे इंग्रजीत सांग. ती गोंधळली. गेव्हपुढे काय दिलं आणि कुणाला दिलं हे दोन्ही लागतं, पुटपुढे काय आणि कुठे हे दोन्ही लागतं. "आम्ही बोट दाखवतो ना मॅडम," ती म्हणाली. "म्हणून चालतं." मी म्हटलं, तिथे फोनवर सांगावं लागेल, बोट दिसणार नाही. हे मला आजही तितकंच खरं वाटतं. रात्री दोन वाजता ज्यानं तिला पाहिलेलं नाही अशा कुणाला तिच्या पत्रावरून औषध द्यायचं असेल, तर काय, किती, कुणाला, हे वाक्यात असलंच पाहिजे. ठेवण नीट शिकवायची, यात मी कधी ढिलाई करणार नाही.

पण आईच्या त्या ओळीचं मला तेव्हा काय झालं होतं, तेही आठवतं. मी अठरा वर्षांची होते. होस्टेलच्या पायऱ्यांवर बसून मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. करमत नाही. कुणावाचून? थोरली बहीण त्याच वर्षी सासरी गेली होती. आजी वारली होती. आईला माझ्यावाचून करमत नव्हतं, की बहिणीवाचून, की सगळं घर एकदम रिकामं झालं म्हणून? मला ती ओळ माझ्यासाठी हवी होती. तुझ्यावाचून, एवढा एक शब्द तिनं एका तरी पत्रात लिहावा असं फार वाटायचं. सुट्टीत घरी गेले की ती पाठीवरून हात फिरवायची, आंघोळीला पाणी काढून द्यायची, आणि विचारायची, करमतं का तिकडं? मी म्हणायचे, हो, करमतं. तिच्या प्रश्नातही कर्म नव्हतं, माझ्या उत्तरातही नव्हतं. ती जाऊन आता सोळा वर्षं झाली. मी तिला कधी विचारलं नाही.

माझी मुलगी बेंगळुरूला असते. ती लिहिते, आई, मिस करतेय तुला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत खुपलं. हे काय मराठी, वाटलं. तुझी आठवण येते म्हण की, आठवण आपसूक येते, ती कुणी करत नाही. मिस करणं म्हणजे कामाच्या यादीत लिहिल्यासारखं. इंग्रजी क्रियापद आलं ते या खेपेला आपली ठेवणही घेऊन आलं, करतेय म्हणणारी एक मी आणि पुढ्यात थेट तुला. मी तिला तसं लिहिणारही होते. लिहिलं नाही. त्या वाक्यात तुला होतं, आणि ते मी होते. होस्टेलच्या पायरीवर बसून जो शब्द मी शोधत होते, तो माझ्या मुलीनं एका इंग्रजी क्रियापदाच्या ठेवणीतून मला सहज दिला. तिचे ते निरोप मी पुसत नाही. फोनची जागा भरते, मुलगी ओरडते, तरी पुसत नाही.

पुढच्या वेळी माझी ती नर्स विद्यार्थिनी आली तेव्हा मी आधी करमणुकीचा विषय काढला, म्हणजे शब्दाचा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून ठेवला होता. करमणे, वेळ सुखानं सरणे, या अंगानं त्यात अर्थ दिलाय. करमणूक त्यातूनच आली. पण नकार लावला की या शब्दाचं जे होतं, ते या अर्थात मावत नाही. वेळ सुखानं न सरणं एवढंच म्हणजे काही करमत नाही नव्हे. आम्ही दोघींनी बसून इंग्रजीत काय म्हणता येईल ते पाहिलं. आय फील लोनली म्हटलं तर ती म्हणाली, "लोनली म्हणजे एकटं. वॉर्डात तीस पेशंट असतात, एकटं कसं?" आय एम बोअर्ड तर नव्हेच. आय कान्ट सेटल म्हटलं, त्यातून जीव लागत नाही हे थोडं आलं, पण करमत नाहीतलं ते रिकामं घर त्यात आलं नाही. शेवटी मी म्हटलं, परीक्षेत मिसच वापर. आणि पुढे काहीतरी ठेव. माय होमटाऊन म्हण, द फूड म्हण. खरं सांगायलाच हवं असं नाही. सुरुवातीचं ते बोलणं बुजरेपणा जावा म्हणून असतं, त्याला गुण नसतात.

तिनं मान हलवली. वही उघडली, मिसच्या ओळीवर बोट ठेवलं. मग सरळ बसली, आणि सकाळी राउंडच्या वेळी डॉक्टरांना पेशंटचं बीपी सांगावं तशा आवाजात म्हणाली, "आय विल मिस माय सन." एका दमात. माय सनवर आवाज हलला नाही. मी टिकमार्क केली आणि पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी आम्ही आणखी काही केलं नाही. चहा पुन्हा गरम केला.

जायला निघाली, चपला घालत होती, तेव्हा फोन वाजला. आईचा असावा, कारण आधी दुधाचं आणि रेशनचं बोलणं झालं. मग तिनं आवाज बदलला. फोन कानापासून जरासा लांब होता, म्हणून पोराचा बारीक आवाज मला पायरीपर्यंत ऐकू आला.

"आई, करमंना."

ती एक चप्पल घातलेली, एक हातात, तशीच उभी राहिली. रस्त्यावर रिकाम्या ट्रॉल्यांचा खडखडाट होता. मग तिनं फोन कानाला घट्ट धरला आणि अगदी हळू विचारलं, "कुणावाचून रं?"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती पाठमोरी झाली, हं म्हणाली, परत एकदा हं म्हणाली, आणि बोलत बोलतच फाटकाबाहेर पडली. दुसरी चप्पल तिनं रस्त्यावर जाऊन घातली.